आधी मेलेल्यांना न्या

४ डिसेंबर

प्रिय एलिकेमदादा,

तुझ्या पॉइंट-न्वारला धुरी दिलेले मासे विकायला जाणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या पिशवीत हे पत्र देते आहे. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एलिकेम म्हटलं की कोणीही दाखवेल, असं त्या छातीठोकपणे सांगतात. फोन तू उचलत नाहीस. आईच्या अंत्यविधीनंतर एकदाही उचलला नाहीस. नंबर बदललास की फक्त माझ्यासाठी बंद केलास, तेवढं तरी कळव.

मी पदवीधर झाले. नगरनियोजन. कुमासीला समारंभ झाला, आपल्याकडून कोणी नव्हतं, शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या आईने मलाही मिठी मारली. आता सेवावर्ष सुरू आहे. तू शाळा सोडून समुद्रावर गेलास म्हणून सुटलास. आम्हा पदवीवाल्यांना सुटका नाही, सरकार वर्षभरासाठी वाटेल तिथे धाडतं. माझी मैत्रीण पार उत्तरेला गेली. मला समुद्रकाठच्या एका जिल्हा सभेच्या नियोजन विभागात टाकलंय. जिल्ह्याचं नाव सांगून काय उपयोग, तुला तिकडचं काही ऐकायचं नसतं.

माझ्या वरिष्ठ मॅडम झोकोटो. टेबलावरच शेंगदाणे घालून कसाव्याची भरड, गारी, खातात आणि मान वर न करता बोलतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सेवावर्षवाली ना? वर्षभर साहेबांना चहा नेऊन दिवस काढायचा विचार असेल तर आत्ताच सांग. मी चहा पीत नाही."

मी म्हटलं, "काम द्या."

"काम मागणारी पहिलीच आलीस. पस्तावशील."

अजून तरी पस्तावले नाही. झोप मात्र नीट लागत नाही. काम कसलं आहे ते पुढच्या वेळी लिहीन. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी,
सेफाकोर


आव्हेने, १९ जानेवारी

एलिकेमदादा,

तुझं उत्तर नाही. बाई म्हणतात, पत्र तुझ्या हातात दिलं, तू हात पुसून ते खिशात ठेवलंस. म्हणजे वाचलं असशील.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. जिल्हा आपल्या आईच्या माहेरचा आहे. आणि माझं काम आहे तिचं गाव, झितोकोपे, तिथून उठवणं.

हे वाचून पत्र फाडू नकोस. समुद्र आत येतोय, दादा. पुढची घरं गेली, त्यांच्या मागची जाताहेत. दोत्सेमामांच्या अंगणातले माड मुळांसकट आडवे पडलेत आणि पोरं त्यांच्यावर चढून पाण्यात उड्या मारतात. खाडीपलीकडे उंचावर सरकारने नवी जागा आखली आहे. पत्र्यांची घरं उभी आहेत, विहीर आहे, आणि राहायला एक माणूस जात नाही. मॅडमनी मला धाडलं ते एवढ्याचसाठी, की मी त्यांची भाषा बोलते आणि तिथली भाची आहे.

परवा कडुलिंबाखाली सभा झाली. गावप्रमुख तोग्बे खुर्चीवर, म्हातारे बाकांवर, बायका वाळूत. मॅडमनी नकाशा दाखवला, पाणी किती वेगाने येतंय ते समजावलं. सगळ्यांनी मुकाट ऐकलं. मग आकोफामावशी उठली. तुला आठवत असेल, मासे धुरी देते, आवाज असा की वाऱ्याच्या उलट दिशेलाही ऐकू जावा. म्हणाली, "घर बांधून दिलंत, बरं केलंत. पण माझा नवरा इकडे आणि मी तिकडे, असा संसार मी त्याच्या जिवंतपणी केला नाही. आता कशाला करू? माझी पोरगी इथे आहे. तिला एकटीला पाण्याजवळ टाकून मी डोंगरावर जाऊन झोपू?"

बायकांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, "सरकारच्या नकाशात मेलेली माणसं नसतात." सगळे हसले, पण ते हसू वेगळं होतं.

दादा, कबरस्तान आता समुद्रापासून इतकं जवळ आहे की उधाणाच्या दिवशी फेस कुंपणाला लागतो. आई आत आहे, चिंचेकडच्या बाजूला. पुढच्या रांगेत आकोफामावशीची माणसं.

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. उभी राहिले आणि म्हणाले, "मग आधी मेलेल्यांना न्या. जिल्हा सभा त्यांना नेईल. त्यांच्यामागून तुम्ही या."

मग कोणीतरी टाळी वाजवली, मग ढोलवाल्याने ढोल घेतला, आणि तोग्बे स्वतः उठून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलीने बरोबर धरलं."

गाडीत बसल्यावर मॅडमनी आधी काच वर केली. मग म्हणाल्या, "जिल्हा सभा म्हणजे कोण गं? तू?"

"चुकलं, मॅडम."

"चुकलं नाही, तेच तर वाईट. बरोबर बोललीस, फक्त तुला बोलायचा अधिकार नव्हता. कबरी हलवायला आरोग्य खात्याची परवानगी लागते, मजूर लागतात, जमीन लागते. नव्या जागेत कबरस्तान आखलेलंच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता ती जीभ मला निस्तरायची."

माझं बोलणं गावभर झालंय. बाजारात मला भेंड्या विकणारी सुद्धा विचारते, "कधी नेताय?"

आईला पुरलं त्या दिवशी दोत्सेमामांच्या तोंडावर तू ओरडला होतास, "वाळूत पुरताय तिला, समुद्र नेईल." हो शहरात तू तिच्या कबरीसाठी जागा बघून ठेवली होतीस, फरशी आणली होतीस, आणि मामांनी कोणाचं ऐकलं नाही. तू म्हणालास तेच होऊ घातलंय. हे लिहायला मला जड गेलं, म्हणून शेवटी लिहिलं.

सेफाकोर


आव्हेने, १६ फेब्रुवारी

दादा,

जमीन मिळाली! नव्या बाजारासाठी ठेवलेल्या जागेतला वरचा तुकडा मॅडमनी कापून घेतला. जिल्हाप्रमुख खवळले होते. "एका सेवावर्षवाल्या पोरीच्या बडबडीसाठी मी बाजार लहान करू?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, गिऱ्हाईकच पलीकडे गेलं नाही तर बाजार कोणासाठी?" बाहेर आल्यावर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परवानगीही आली आहे. मार्चमधला एक आठवडा ठरलाय. त्या आठवड्यात मजूर असतील आणि आरोग्य खात्याचा माणूस. तो गेला की पावसाळ्यानंतरच परत येईल.

आता अडलंय ते माझ्यावर. म्हणजे तुझ्यावर.

मी घरोघर सांगायला गेले तेव्हा आकोफामावशी चुलीतून धूर सारत म्हणाली, "ये गं, सरकार. कोणाला आधी काढणार?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल त्यांना. पुढच्या रांगेपासून सुरू करू, पाणी तिथेच आधी येईल."

"शहाणी आहेस. कबर उघडून काही वाईट झालं तर आमच्या घरात, हो ना? तुझी आई तिथेच आहे. आधी तुझी आई उचल. तिला काही झालं नाही, तर माझा नवरा तुझ्या स्वाधीन."

मागे उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या, "रास्त बोलली." संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं तेच म्हणणं झालं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मामांकडे गेले. मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि खेकड्यांचं कालवण वाढलं, जेवू दिलं, मग म्हणाले, "आईला पुरायला मी पुढे झालो आणि तुझा भाऊ मला तोडून गेला. उकरताना मी पुढे होणार नाही. थोरल्या मुलाच्या तोंडून शब्द येऊ दे. तो 'उचला' म्हणाला की मी स्वतः फावडं घेईन."

"आणि नाही म्हणाला तर?"

"मग ती आहे तिथे राहील."

तर हे असं आहे. तू येऊच नकोस हवं तर. मामांशी बोलू नकोस. फक्त हे पत्र आणणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये एक शब्द बोल, 'उचला'. एवढाच. त्या मला ऐकवतील, मी मामांना ऐकवेन. तिला हो शहरात न्यायचं असेल तर तसं सांग, मी स्वतः घेऊन जाते. काहीही सांग, पण सांग.

तुझी,
सेफा


झितोकोपे, ९ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला. बाईंनी फोन माझ्या कानाला लावला. किती वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू म्हणालास, "मी येईपर्यंत आईला कोणी हात लावायचा नाही." बस. मागे इंजिन धडधडत होतं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, शेवटी 'सेफा कशी आहे' वगैरे काही असेल म्हणून. नव्हतं.

येतोयस, याचा मला आनंद झाला. खरंच झाला. मी मामांना सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले आणि चेहरा धुऊन बाहेर आले. सगळ्यांना सांगितलं, थांबा, थोरला येतोय.

पण कधी?

मजूर आले आहेत. शाळेच्या ओट्यावर बसून पत्ते खेळतात. आरोग्य खात्याचा माणूस रोज सकाळी मला विचारतो, "आज तरी?" मी म्हणते, "भाऊ निघालाय, वाटेत आहे." तू निघाला आहेस की नाही हे मला माहीत नाही. बाई म्हणतात तुझा फोन आता बंद लागतो.

मॅडमना मी खरं कारण सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं की गावातले विधी राहिलेत. काल त्या इथे आल्या आणि पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलं, गाव म्हणजे गाव. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी आई तुझ्या भावासाठी थांबेल. समुद्र थांबेल का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी परस्पर सांगू का की तो 'उचला' म्हणाला? कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगू शकतेस. पण मग तो आल्यावर इथे उभं राहून त्याला उत्तर कोण देणार? तू द्यायला तयार असशील, तर खोटं कशाला बोलतेस? खरंच बोल की, मी उचलते म्हणून."

मला धीर झाला नाही. तू थोरला. आईच्या आजारात तू पैसे पाठवत होतास म्हणून औषध येत होतं. तिच्यावर तुझा हक्क जास्त आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. म्हणून थांबले आहे, आणि माझ्यासाठी सगळं गाव थांबलंय. पहाटे उठून आधी किनाऱ्यावर जाते. वाळू पायाखाली मऊ लागते, काल होती तशी नसते. पौर्णिमेजवळ मोठं उधाण आहे. लवकर ये. ये आणि मला हवं ते बोल, पण ये.

सेफाकोर


झितोकोपे, २४ मार्च

एलिकेमदादा,

समुद्र आला. उधाण ठरल्या दिवसाच्या आधीच आलं.

मजूर परत गेल्यावर दोन दिवसांनी. भर दुपारी, ऊन पडलेलं, वारा नाही. बायका मासे वाळत घालत होत्या. पहिली लाट कुंपणावरून आली तेव्हा लोकांना वाटलं नेहमीसारखी आहे, परत जाईल. ती गेली नाही. दुसरी तिच्यावरून आली. आम्ही म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, शेळ्या सोडल्या, होड्या खाडीच्या बाजूला ओढल्या. जिवंत माणूस एकही गेलं नाही. मॅडमच्या अहवालात ही पहिली ओळ आहे आणि सगळे माझी पाठ थोपटताहेत.

कबरस्तानाची पुढची रांग गेली. सगळी. ओसरल्यावर तिथे नुसता उतार होता, धुतल्यासारखा स्वच्छ. आकोफामावशीचा नवरा नाही, मुलगी नाही.

आई आहे. तिच्या डोक्याकडची वाळू ढासळली आहे, पेटीची कड दिसते. आम्ही गोणी भरून लावल्या आहेत.

पुढच्या रांगेपासून सुरू करू असं मी म्हणाले होते. आणि तिने म्हटलं होतं, आधी तुझी आई. आणि मी तुझी वाट पाहिली. हे सगळं मी उलटसुलट करून पाहते, दोष कुठे ठेवावा कळत नाही. काही माझ्याकडे येतो. काही तुझ्याकडे. मी सगळा घ्यायला तयार नाही, हे तुला स्पष्ट लिहिते.

मावशी त्या उतारावर बसून होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने मला शिवी दिली असती, वाळू फेकली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "तुझा भाऊ आला?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसली.

सेफाकोर


नवं झितोकोपे, ६ एप्रिल

एलिकेमदादा,

हे पत्र मी तुला विचारायला लिहीत नाही, कळवायला लिहिते आहे. आईला मी उचललं.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोग्बेंच्या अंगणात गेले. मामा होते, म्हातारे होते. मी म्हटलं, "माझ्या भावाने 'हात लावू नका' असं सांगितलंय. त्याने येतो म्हटलं, आला नाही. तो नाही म्हणतो. मी हो म्हणते. मीही तिचंच मूल आहे."

मामा म्हणाले, "सेफा, असं होत नाही. थोरला असताना धाकटीचा शब्द चालत नाही."

"मग काय चालतं, मामा? पाण्याचा शब्द?"

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"तुमचीच भाची आहे."

कोणी हसलं नाही. मग दारातून आकोफामावशीचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणाली, "बाळंतपणाला मी होते. थोरल्याने आईला एक दिवस छळलं, हिने दोन. मग हिचा शब्द धाकटा कसा? थोरल्यांची वाट बघून माझं जे व्हायचं ते झालं. आता आणखी कोणाचं करताय?"

मामांनी जिनची बाटली मागितली, जमिनीवर ओतली, आजोबांना, पणजोबांना एकेकाला नावाने हाक मारली, आणि शेवटी आईला. म्हणाले, "तुझ्या मुलीने सांगितलंय. तिच्यावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागव." आणि फावडं त्यांनीच घेतलं, म्हणाले होते तसं.

मजूर मॅडमनी पुन्हा आणले. कुठून, कोणाच्या पाया पडून, ते त्या सांगत नाहीत. आरोग्य खात्याचा माणूस त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर तोंड पाडून बसून आला.

पेटी शाबूत निघाली, दादा. तू ऐकशील म्हणून लिहिते. वाळू कोरडी होती. तिच्या पायाशी ठेवलेलं निळं कापड तसंच होतं, फक्त रंग उडालेला. मी रडले नाही, मला वाटलं होतं रडेन. मामा रडले.

मजुरांचं काम खणण्यापुरतं; खाडीपर्यंत पेटी गावानेच न्यायची होती. मामा, मी, मामांचा मुलगा, तिघं झालो. चौथा कोपरा रिकामा. रीत अशी की ज्याला आपलं न्यायचं आहे त्याने परक्याची पेटी धरायची नाही, आणि त्या दिवशी गावात प्रत्येकालाच आपलं न्यायचं होतं. लोक उभे होते, पुढे कोणी येईना. आकोफामावशीने डोक्यावरचं कापड काढून कमरेला बांधलं आणि चौथा कोपरा धरला. म्हणाली, "मला न्यायचं काही उरलं नाही. मी धरते."

वाळूतून चालताना मी तिच्या पुढे होते, तिचा श्वास ऐकू येत होता. वयस्क बाई, तिला झेपत नव्हतं, तरी सोडेना. होडीत पेटीजवळ बसली आणि पलीकडे पोचेपर्यंत एका हाताने ती धरून ठेवली, जशी काही सांडेल.

त्या दिवसापासून रोज होड्या चालल्या. आपापले घेऊन लोक आले, मग चुली आल्या, मग कोंबड्या. काल शेवटचं घर आलं. जुन्या जागी आता माड आहेत आणि ओली भिंत. जिल्हाप्रमुख फोटोसाठी आले होते, मला म्हणाले, "तूच का ती?" मी म्हटलं, "हो." सेवावर्ष अजून अर्धं बाकी आहे. मॅडमनी कालच पाण्याच्या नळांचं काम माझ्या अंगावर टाकलंय आणि बजावलंय, "सभेत तोंड उघडण्याआधी माझ्याकडे बघायचं."

आईची जागा वरच्या कोपऱ्यात आहे. तिच्या डावीकडे दोन जागा रिकाम्या सोडल्या आहेत. त्या आकोफामावशीच्या माणसांच्या. त्यात ठेवायला काही नाही, पण ती सकाळी तिथे झाडते.

तू येशील तेव्हा गाडीतळावर उतरून मला फोन करू नकोस. वाट कोणालाही विचार, ते तुला आकोफामावशीच्या घरी पाठवतील. तिला सांग, मी एलिकेम, ज्याची वाट पाहिली तो. मग ती जे बोलेल ते उभं राहून ऐकून घे. तिचं बोलून झालं की ती स्वतःच तुला आईकडे घेऊन जाईल.

सेफाकोर